गॉथिक चर्चची शिल्पं: खांबातून निघालेली माणसं

पाषाणवेडी (धागाकर्ती)

गॉथिक शिल्पांचे फोटो आपण पाहतो ते बहुतेक वेळा एकेकट्या मूर्तीचे. फ्रान्समधल्या रँसचा हसरा देवदूत, जर्मनीतल्या नाउमबुर्गची ऊटा, फ्रान्समधल्याच आमियाँचा ख्रिस्त. मूर्ती कुठल्या खांबाला आहे, दाराच्या कुठल्या बाजूला आहे, तिच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे, हे त्यात दिसत नाही. आणि ते दिसलं नाही तर ती मूर्ती कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय. ही शिल्पं इमारत उभी राहिल्यावर शोभेसाठी लावलेली नाहीत. ती इमारतीचाच भाग म्हणून जन्माला आली आणि पुढच्या शंभरेक वर्षांत हळूहळू तिच्यापासून सुटत गेली. हा प्रवास एकाच इमारतीभोवती चालत पाहायचा असेल तर फ्रान्समधलं शार्त्र. म्हणून इथे मुख्यतः शार्त्रबद्दल लिहिते, बाकीच्यांनी भर घालावी.

सुरुवात खरं तर शार्त्रची नाही. पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनीचा मठ आहे, फ्रान्सच्या राजांचं दफनस्थान. तिथला मठाधिपती सुजेर याने चर्चचा दर्शनी भाग नव्याने बांधला, त्याचं अर्पण ११४० साली झालं. वेदीभोवतीचा नवा भाग ११४४ साली पुरा झाला. टोकदार कमानी, फासळ्यांवर तोललेलं छत आणि मोठमोठ्या रंगीत काचा तिथे एकत्र आल्या म्हणून गॉथिक वास्तुकलेचा आरंभ सँ-दनीपासून धरतात. शिल्पाच्या बाजूनेही तिथेच काहीतरी नवं घडलं. दाराच्या दोन्ही अंगांना, जिथे आधी नुसते बारीक खांब असत, तिथे खांबांमधूनच उंच माणसं निघाली. त्या मूर्ती १७७१ साली काढून टाकल्या. त्याआधीच कोणीतरी त्यांची रेखाटनं करून ठेवली होती म्हणून त्या कशा होत्या ते कळतं, आणि त्यांतली काही डोकी आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत.

शार्त्रचं नशीब चांगलं. तिथला पश्चिमेचा दर्शनी भाग साधारण ११४५ ते ११५५ या काळातला. ११९४ साली मोठी आग लागली, मागचं जवळजवळ सगळं चर्च जळालं, पण हा दर्शनी भाग वाचला. नवं चर्च त्याला जोडूनच उभं केलं. त्यामुळे आज एकाच इमारतीला बाराव्या शतकाच्या मध्याची दारं पश्चिमेला आहेत आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीची दारं उत्तर-दक्षिणेला.

पश्चिमेच्या तीन दारांना मिळून राजद्वार म्हणतात. दारांच्या अंगाला चोवीस स्तंभमूर्ती होत्या, आज एकोणीस आहेत. जुन्या करारातले, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तापूर्वीच्या भागातले, राजे, राण्या, संदेष्टे. यातली एक राणी नीट बघा. खांब जेवढा रुंद तेवढीच ती रुंद. कोपरं अंगाला चिकटलेली, दोन लांब वेण्या सरळ खाली सोडलेल्या, झग्याच्या चुण्या वरपासून खालपर्यंत समांतर गेलेल्या. पाय कशावर टेकलेलेच नाहीत, उतरत्या दगडावरून पावलं खाली लोंबतायत. शरीराला वजन नाही. चेहरा मात्र जिवंत आहे, शांत, किंचित हसू येईल असा. शिल्पकाराला शरीर जमत नव्हतं म्हणून हे असं झालेलं नाही. हा चेहरा ज्याला जमला त्याला हातपायही जमले असते. त्याला खांबाचा खांबपणा मोडायचा नव्हता.

आता नजर वर न्या. मूर्तींच्या डोक्यावर, खांबांच्या शिरोभागी, तिन्ही दारांवरून सलग एक पट्टा गेलाय. त्यात मरिया आणि ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग अगदी छोट्या आकृत्यांत कोरलेत. त्याच्याही वर दारावरच्या अर्धगोलात मोठी शिल्पं: मधल्या दारावर सिंहासनावरचा ख्रिस्त आणि भोवती चार शुभवर्तमानकारांची (ख्रिस्ताचं चरित्र लिहिणाऱ्यांची) चिन्हं, डावीकडे स्वर्गारोहण, उजवीकडे मांडीवर बाळ घेतलेली मरिया. म्हणजे खाली जुना करार, मध्ये ख्रिस्ताचं पृथ्वीवरचं आयुष्य, वर स्वर्ग. चर्चचा धर्मविचार आणि दाराची रचना एकच झाली. जुन्या कराराच्या माणसांवर चर्च उभं आहे हे सांगायला वेगळा मजकूर लागत नाही, ती माणसं खांबांच्या जागीच उभी आहेत.

(उजव्या दाराच्या कमानीतली सात विद्यांची शिल्पं चुकवू नका. हातात छडी घेतलेली व्याकरणविद्या आणि तिच्या पायाशी दोन पोरं, त्यातलं एक दुसऱ्याचे केस ओढतंय. शार्त्रची शाळा त्या काळी नावाजलेली होती.)

आता इमारतीला वळसा घालून उत्तरेच्या मंडपात या. पन्नास-साठ वर्षं गेली. मधल्या दाराशी देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहम उभा आहे, पुढ्यात हातपाय बांधलेला तो मुलगा, लहान इसहाक. एका हाताने त्याने मुलाची हनुवटी धरलीय आणि मान वळवून वर बघतोय, कोणीतरी हाक मारल्यासारखा. त्याच क्षणी थांबलेला. पायाखाली तो मेंढा, ज्याचा मुलाच्या जागी बळी जायचाय. मूर्तीच्या मागे खांब अजून आहे, पण राजद्वाराच्या मूर्तींना शेजारी आहेत याची जाणीव नव्हती. इथे माणूस मान वळवतो, त्याला भोवती काहीतरी घडतंय हे कळतं.

मग दक्षिणेच्या मंडपात, डाव्या दाराच्या अगदी कडेला, संत थिओडोर. अंगात साखळ्यांचं चिलखत, हातात भाला आणि ढाल. पावलं सपाट चौथऱ्यावर पक्की टेकलेली, भार एका पायावर, कंबर एका बाजूला झुकलेली. मूर्तीमागे खांब आहे, पण आता तो नुसता आधाराला. हा तरुण कोणत्याही क्षणी चालू लागेल. राजद्वारापासून इथपर्यंत चालत दोन-तीन मिनिटं लागतात, मध्ये साधारण ऐंशी वर्षं आहेत.

जाणकारांनी चर्चा पुढे न्यावी.

---

घाटमाथा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. मूर्ती खांबाचाच भाग असेल तर छताचा भार त्या मूर्तीवर येतो का? राणी खरोखर चर्च तोलतेय का?

---

टाकीचे_घाव

@घाटमाथा, दगडाच्या कामात असल्यामुळे याचं उत्तर देतो. मूर्ती आणि तिच्यामागचा खांब एकाच दगडातून काढलेले असतात हे बरोबर, पण खरा भार मागच्या भिंतीवर असतो.

चुनखडीचा दगड खाणीत आडव्या थरांनी असतो. भिंतीत दगड बसवताना थर आडवेच ठेवायचे हा नियम, कारण तसाच तो भार नीट घेतो. पण सात-आठ फूट उंचीचा सडपातळ अखंड तुकडा काढायचा तर तो खाणीत आडवाच मिळतो, तेवढा जाड थर कुठे मिळणार? मग तो उभा करून बसवतात, म्हणजे त्याचे थर उभे होतात. असा दगड मोठ्या भाराखाली थरांवर फाटू शकतो. त्या काळच्या गवंड्यांना हे पुरेपूर माहीत होतं. थरावर थर रचलेली मागची भिंत वजन घेते आणि हे उभे खांब तिच्या अंगाला लावलेले असतात. डोळ्यांना मात्र वाटतं की सगळं यांच्याच डोक्यावर आहे. त्यामुळे राणी चर्च तोलत नाही, पण तोलतेय असं दिसावं अशी तिची जागा आहे.

दुसरं म्हणजे ही मूर्ती जागेवर चढून कोरलेली नाही. खाली कामाच्या छपरीत आडवी ठेवून कोरायची आणि मग उचलून बसवायची. नुकत्या काढलेल्या चुनखडीत ओल असते, तेव्हा टाकी छान चालते. हवा लागली की दगड कडक होतो. थंडीत चुन्याचं काम बंद ठेवावं लागे, तेव्हा छपरीत घडाई चालू. रँसच्या दर्शनी भागावरच्या मूर्तींवर कोणती कुठे बसवायची याच्या खुणा कोरलेल्या सापडल्या आहेत. पाथरवट आणि शिल्पकार अशी वेगळी जमात तेव्हा नव्हती. कमानीचा दगड घडवणारा आणि देवदूत घडवणारा एकाच छपरीत, एकाच मुकादमाच्या हाताखाली. मूर्ती आणि भिंत इतकी एकजीव का वाटते याचं माझ्या दृष्टीने हेच सर्वांत मोठं कारण.

---

उत्तररात्र

लेख आवडला, पण 'सुटत गेली' या मांडणीला माझी हरकत आहे. कलेच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी अशीच सांगतात: आधी ताठ, मग मोकळी, मग एकदम जिवंत, आणि शेवटी इटलीतलं प्रबोधन. म्हणजे राजद्वाराची राणी थिओडोरची कच्ची आवृत्ती ठरते. मला तर ती जास्त आवडते. थिओडोर देखणा आहे, पण त्याला उद्या तिथून उचलून चौकात ठेवला तर त्याचं काही बिघडणार नाही. राणीला उचललं तर ती संपली.

---

पाषाणवेडी

@टाकीचे_घाव, थरांचं हे मला इतकं स्पष्ट माहीत नव्हतं, मनापासून आभार.

@उत्तररात्र, आपण एकाच बाजूला आहोत. सुटणं म्हणजे सुधारणं असं मला म्हणायचं नाही. प्रत्येक वेळी काहीतरी मिळालं आणि काहीतरी गेलं. अब्राहमला मान वळवता आली, पण राजद्वाराची ती एकसंध रांग गेली. राजद्वारातल्या काही मूळ मूर्ती हवामानामुळे आत हलवून बाहेर प्रतिकृती बसवल्या आहेत. आत त्या जवळून दिसतात, कोरीवकाम समजतं, पण तुमचं म्हणणं तिथे अक्षरशः पटतं.

हे मिळणं-जाणं सर्वांत ठळक दिसतं ते रँसला. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक होई ते चर्च, १२११ साली बांधायला घेतलं. पश्चिमेच्या मधल्या दाराच्या उजव्या अंगाला चार मूर्ती आहेत. दोघींची भेट: मरिया आणि एलिझाबेथ, अंगावर असंख्य बारीक चुण्यांची वस्त्रं, रोमन पुतळे पाहिलेल्या हाताने घडवलेल्या. त्यांना लागूनच मरिया आणि तिला पुत्रजन्माची वार्ता सांगणारा देवदूत. ही मरिया साधी, सरळ, कापडाच्या मोजक्या घड्या. आणि देवदूत बारीक अंगाचा, डुलणारा, ओठांवर हसू. चार मूर्तींत निदान तीन वेगळे हात. अभ्यासक असंही मानतात की हा देवदूत मुळात दुसऱ्या जागेसाठी घडवला होता. शार्त्रच्या राजद्वारात एका राणीच्या जागी दुसऱ्या हाताची राणी बसवली तर रांग मोडेल. रँसला ती आधीच मोडलीय, आणि तरी चौघं एकमेकांशी बोलतायत.

तो प्रसिद्ध हसरा देवदूत मात्र हा नव्हे, तो पश्चिमेच्याच डाव्या दाराशी आहे. त्याचं डोकं १९ सप्टेंबर १९१४ रोजी तुटलं. जर्मन तोफांच्या माऱ्यात उत्तरेच्या मनोऱ्याभोवतीची लाकडी परांची पेटली आणि जळती लाकडं खाली आली. तुकडे गोळा करून ठेवले होते, १९२६ साली ते जोडून डोकं परत बसवलं.

रँसची आणखी एक गोष्ट इमारतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची. दारावरच्या अर्धगोलात तोवर दगडी शिल्प असे. रँसला तिथे काच बसवली. शिल्प तिथून हटलं आणि दारावरच्या त्रिकोणी शिखरांत गेलं. उजेडाने दगडाची जागा घेतली. आणि मग शिल्प आतही शिरलं: पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू कोनाड्यांच्या रांगांनी भरलीय, प्रत्येक कोनाड्यात एक आकृती, मधल्या पट्ट्यांत खरी वाटावी अशी पानं. त्यात एका पुजाऱ्याकडून प्रसाद घेणारा शिपाई आहे, तेराव्या शतकातल्या सरदाराच्या पूर्ण चिलखतात. तो अब्राहम आहे आणि पुजारी म्हणजे बायबलमधला पुजारी-राजा मेलकीसदेक.

---

राईनकाठ

जर्मनीत राहतो म्हणून नाउमबुर्गबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथलं कॅथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) लहान गावात आहे, आडबाजूला, पण पश्चिमेच्या गर्भागारात जे आहे त्याला तोड नाही. तेराव्या शतकाच्या मध्यावर तिथे बारा माणसांच्या मूर्ती उभ्या केल्या. संत नाहीत, राजे नाहीत. चर्चला दानं देणारे सरदार आणि त्यांच्या बायका, आणि तेही मरून दोनशे वर्षं झालेले. त्यांचे चेहरे कोणी पाहिले नव्हते. शिल्पकाराने ते मनाने घडवले आणि प्रत्येकाला स्वभाव दिला. ऊटा अंगरख्याची कॉलर वर ओढून गालाशी धरते, शेजारी नवरा एकेहार्ड तलवारीवर हात ठेवून उभा. पलीकडे रेग्लिंडिस चक्क हसतेय. रंगांच्या खुणा अजून आहेत.

या मूर्ती जमिनीवर नाहीत. खिडक्यांच्या पायथ्याशी जाणारा अरुंद मार्ग आहे, त्या उंचीवर छताच्या फासळ्या जिथून खाली उतरतात त्याच खांबांना त्या लागून आहेत. म्हणजे शार्त्रची दाराशी असलेली स्तंभमूर्ती इथे आत आली, आणि खांब म्हणजे चर्चचे आधारस्तंभ असलेले हे दाते. पाषाणवेडी यांचा मुद्दा इथे आणखी पक्का होतो. इतकी मोकळी, इतकी माणूस वाटणारी मूर्ती, आणि तरी ती खांब सोडत नाही.

आणि आत जायचं दार! गर्भागारापुढे दगडी आडभिंत आहे. तिच्या दाराच्या मधल्या खांबावर क्रुसावरचा ख्रिस्त आहे, दोन्ही बाजूंना मरिया आणि योहान. तो वर कुठे टांगलेला नाही, आपल्या जवळजवळ समोर आहे. त्याच्या पसरलेल्या हाताखालूनच आत जावं लागतं. वर येशूच्या अखेरच्या दिवसांचे प्रसंग पट्ट्यात कोरलेत, तेही तेवढेच ताकदीचे. शिल्पकाराचं नाव माहीत नाही, नाउमबुर्गचा उस्ताद एवढंच म्हणतात. २०१८ साली हे कॅथीड्रल जागतिक वारसा यादीत आलं.

---

अबोली_रंगावली

वर राईनकाठ यांनी रंगांचा उल्लेख केलाय. तो मुद्दा मोठा आहे. आपल्याला ही शिल्पं राखाडी दगडाची म्हणून आवडतात, पण ती रंगवलेली होती. स्वित्झर्लंडमध्ये लोझान कॅथीड्रलच्या दक्षिण दारावर तेराव्या शतकातले रंग बऱ्यापैकी टिकलेत. स्पेनमधल्या तोरो गावच्या चर्चचं पश्चिमेचं दार पुढे एका खोलीच्या आत गेलं म्हणून त्याचे रंग वाचले. आमियाँच्या दारांची १९९० च्या दशकात लेझरने सफाई केली तेव्हा रंगांचे अवशेष मिळाले, आणि आता तिथे रात्री प्रकाशझोतांनी ते रंग मूर्तींवर पाडून दाखवतात.

पॅरिसच्या नोत्र दामचीही गोष्ट सांगायला हवी. दर्शनी भागावर अठ्ठावीस राजांची रांग होती. ते बायबलमधले यहुदाचे राजे, पण १७९३ साली क्रांतिकारकांनी त्यांना फ्रान्सचे राजे समजून खाली ओढलं. आज दिसतात त्या मूर्ती एकोणिसाव्या शतकातल्या. १९७७ साली पॅरिसमधल्या एका जुन्या हवेलीच्या आवारात काम चालू असताना एकवीस मूळ डोकी जमिनीत पुरलेली सापडली. गालांवर, ओठांवर लाल रंगाच्या खुणा होत्या. आता ती क्लुनी संग्रहालयात आहेत. भव्य डोकी, पण समोरासमोर पाहताना सतत जाणवतं की ती खालून, लांबून बघायची होती.

---

गच्चीवरून

नोत्र दामच्या निमित्ताने एक. गच्चीवर गालाला हात लावून शहराकडे बघणारा तो प्रसिद्ध राक्षस मध्ययुगातला नाही. तो आणि त्याचे सोबती व्हियोले-ल-द्यूक या वास्तुकाराने १८४४ नंतरच्या डागडुजीत घातले. खरे गार्गॉइल म्हणजे पाण्याच्या पन्हळी. छताचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर चुना धुऊन निघतो, म्हणून ते लांब मानेतून भिंतीपासून दूर फेकायचं. मान लांब असण्याचं कारण हेच. त्या कामाच्या दगडाला त्यांनी प्राण्याचं तोंड दिलं.

आणि लाँ! पॅरिसच्या ईशान्येला टेकडीवरचं गाव. तिथल्या कॅथीड्रलच्या पश्चिमेच्या मनोऱ्यांवर उंच कोपऱ्यांमधून सोळा दगडी बैल बाहेर डोकावतात. टेकडीवर दगड ओढून आणणाऱ्या बैलांची आठवण म्हणून ते घडवले असं पूर्वापार सांगतात. तेराव्या शतकात व्हिलार द ओनकूर नावाच्या माणसाने आपल्या वहीत हा मनोरा बैलांसकट काढलाय आणि शेजारी लिहिलंय की पुष्कळ देश फिरलो पण लाँसारखा मनोरा कुठे पाहिला नाही. कष्ट केलेल्या जनावरांना चर्चच्या माथ्यावर जागा देणारे ते लोक मला फार आपले वाटतात.

---

बोरीबंदर

मुंबईकरांसाठी एक जोड. फोर्टातल्या विद्यापीठाच्या इमारती आणि राजाबाई टॉवर यांचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. इंग्लंडमधल्या कितीतरी मध्ययुगीन चर्चची दुरुस्ती करणारा हा माणूस, मुंबईला कधी आला नाही. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. वर कोनाड्यांत बघितलंत तर संतांच्या जागी पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं आहेत, आपापल्या पगड्या-पेहरावात. त्या मूर्ती रावबहादूर मकुंद रामचंद्र यांच्या. सीएसएमटीवरची माकडं, मोर, पानंफुलं जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली. रोज लोकल पकडताना वर बघायला वेळ नसतो, पण कोनाडा, छत्री, मूर्ती ही मांडणी थेट शार्त्रच्या मंडपांकडून आलेली आहे.

---

घाटमाथा

काय एकेक प्रतिसाद! अजून एक विचारतो. हातात एकच दिवस असेल आणि मुक्काम पॅरिसला, तर काय बघावं? आणि शिल्पकारांची नावं कुठेच नाहीत का?

---

पाषाणवेडी

नावं फार थोडी. रँसच्या फरशीत दगडी भुलभुलैया होता, त्यात चार बांधकामप्रमुखांची नावं आणि आकृत्या होत्या. त्यातल्या गोशे याच्याबद्दल तो कमानींच्या पट्ट्यांवर आणि दारांवर काम करत होता अशी नोंद होती. म्हणजे शिल्पाची दारं बांधकामप्रमुखाच्या खात्यात. १७७९ च्या सुमारास तो भुलभुलैया उखडून टाकला. जुन्या नोंदींमुळे नावं राहिली.

एका दिवसात शार्त्रच करा. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून गाडीने तासाभराच्या आसपास लागतं. इमारत बरोबर पूर्व-पश्चिम नाही, बरीच कललेली आहे, त्यामुळे दक्षिणेच्या मंडपावर सकाळी ऊन असतं आणि राजद्वारावर दुपारनंतर. सकाळी थिओडोर, मग उत्तरेला अब्राहम, आणि राजद्वार शेवटी. क्रम उलटा होतो पण कोरीवकाम उन्हातच उठून दिसतं. दुर्बीण न विसरता न्या, छोट्या प्रसंगांचा पट्टा तिच्याशिवाय नीट दिसत नाही. संध्याकाळी परतल्यावर अंगात त्राण असेल तर सँ-दनी मेट्रोच्या १३ नंबरच्या मार्गावर आहे, पण आत जायची वेळ आधी बघून ठेवा.